फुटबॉलच्या फोटोतला डावा कोपरा

आमच्या घरी पुस्तकांआधी पत्रकं आली. नागपुरात बाबा ती छापून आणायचे आणि शाळेतून आल्यावर मी त्यांच्या घड्या घालायचे. अन्याय दिसला की मोठ्या टायपात छापायचा आणि चौकात उभं राहून वाटायचा, एवढंच मला शिकवलेलं.

अमेरिकेत, शॉमबर्गमधलं आमचं ऑफिस मोठ्या कंपन्यांचे सामाजिक जबाबदारीचे अहवाल तयार करून द्यायचं. त्या वसंतात एका तेल कंपनीचं काम आलं. ती जिथे तेल काढत होती त्या देशातलं यादवी युद्ध नुकतंच थांबलं होतं. कंपनीने तिथे दवाखाना बांधला, बोअरवेल खणल्या, मुलांना खेळायला मैदान करून दिलं. माझं काम फोटोंची वर्णनं लिहायचं. अंध वाचकांचं सॉफ्टवेअर फोटोपाशी आलं की ते वर्णन मोठ्याने वाचून दाखवतं.

मैदानाच्या फोटोत पिवळ्या जर्सीतली मुलं होती. नीट लिहावं म्हणून मी तो मोठा केला. डाव्या कोपऱ्यात, कुंपणापलीकडे, कंपनीच्या गणवेशातला रक्षक एका माणसाच्या मानेवर बूट रोवून उभा होता. दुसऱ्याने बंदुकीचा दस्ता वर उचलला होता.

फोटोग्राफरच्या मूळ फोल्डरमध्ये त्याच मिनिटाचे आणखी काही फोटो होते. मी ते ओळीने पाहिले. तोंडावर धरलेला हात कोपरातून उलटा वाकला. मग दस्ता जबड्यावर. मग पुन्हा जबड्यावर. मातीत दात पडले होते. शेवटच्या फोटोत एक रक्षक सिगारेट पेटवत होता आणि त्या माणसाला चेहरा उरला नव्हता. पुढे मैदानात गोल झाला होता, पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती.

मी लॅपटॉप उचलून तशीच मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले. तेही नागपूरचेच. रविवारी इथल्या विहारात आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, आणि मला या नोकरीला त्यांनीच लावलं होतं.

"काका, हे बघा."

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. "मुलं फुटबॉल खेळत आहेत, एवढं लिही."

"आणि हा मरतोय तो?"

"हळू बोल. फोटो आहे तसा जाऊ दे."

"विहारात माइक हातात आला की काय गर्जता तुम्ही! इथे शेपूट घातली?"

"घातली. तुझा व्हिसा या नोकरीवर आहे, पोरी. जा, काम कर."

मी जागेवर जाऊन लिहिलं: मुलं फुटबॉल खेळत आहेत. मागे कंपनीचे दोन रक्षक जमिनीवर पडलेल्या माणसाला बंदुकीच्या दस्त्याने मारत आहेत.

गुरुवारी तेल कंपनीची माणसं अहवाल पाहायला आली. सॉफ्टवेअर कसं वाचतं ते दाखवायचं होतं. रोपांच्या फोटोचं वर्णन झालं आणि त्याच गोड आवाजात यंत्राने माझी दोन वाक्यं वाचली. एकजण हसला. त्यांच्यातल्या अधिकारी बाईंनी फोटो मोठा करायला लावला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "रिमूव्ह इट. ओरिजिनल्स टू." आमच्यासमोरच फोटो गेला, अख्खं फोल्डर गेलं. मी मात्र टेबलाखाली मुठी आवळून बसले होते. सगळ्यांना ऐकवलं, वाटत होतं, जिंकले.

दुपारी नोकरी गेली, माझा बॅज काढून घेतला. माझ्याकडे गाडी नव्हती. काकांनी घरी सोडतो म्हटलं.

"व्हिसा टिकवायला साठ दिवस आहेत तुझ्याकडे," फ्रीवेवर ते म्हणाले. "दुसरीकडे नोकरी बघू."

"तुमची मेहरबानी नको. खुन्यांचे हमाल आहात तुम्ही!" मी डॅशबोर्डवर बुक्की मारली. पुन्हा मारली. बोटांची सालं निघाली तरी मारत राहिले. त्यांच्या तोंडावर मारायची होती.

"झालं मारून?" त्यांनी विचारलं. "तो फोटो निवडला कोणी, माहितेय?"

मी थांबले.

"मैदानाचे ढीगभर फोटो होते. बहुतेकांत तो कोपरा साफ होता. मी मुद्दाम हा घेतला. त्यांच्या तीन साहेबांनी पास केला, एकानेही मोठा करून पाहिला नाही. त्यांच्याच अहवालात, त्यांच्याच लोगोखाली छापून आला असता. उद्या तिथला एखादा वकील उभा राहिला असता, तर कंपनी कुठल्या तोंडाने म्हणणार होती, फोटो खोटा आहे?"

"मग मला सांगायचं ना, काका!"

"सांगितलं असतं तर गप्प बसली असतीस?"

मी खोटं बोलू शकले नाही. "नसते बसले."

मग मीच विचारलं, "कॉपी आहे तुमच्याकडे?"

"माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर होती. तोही घेतला त्यांनी."

मी बॅगेतून वही काढली. बोटांचं रक्त पानाला लागत होतं. जे आठवेल ते आत्ताच लिहून काढायचं, नाहीतर तो माणूस कुठेच उरणार नव्हता. मी मोठ्याने बोलत लिहू लागले. वय तिशीच्या आसपास. एकाच पायात चप्पल. शर्ट निळा.

"करडा," काका म्हणाले. "निळा नव्हता तो."