डाव्या डोळ्यातला थेंब

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांच्याइतका सरकारी शिक्क्यावर कमी आणि स्वतःच्या शरीरावर जास्त भरवसा ठेवणारा माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात दुसरा नसावा. कंधारच्या पुढे एका गावात सरकारी दवाखाना होता. तिथे ते कंपाउंडर होते. मी त्याच गावात मास्तर, आणि जेवायला त्यांच्याकडे. कोणतंही औषध आधी स्वतः घेतल्याशिवाय ते रोग्याला देत नसत. पोटातल्या कळांवरचं बेलाडोनाचं मिश्रण तयार केलं की दुपारभर त्यांच्या तोंडाला कोरड पडे, आणि मऊ वरणभातही ते भुसा गिळल्यासारखा गिळत. "आज काय चाखलं?" मावशी विचारी. ते नुसतं तांब्याकडे बोट दाखवत.

औषधांविषयी त्यांचा सिद्धान्त पक्का होता. लाळ, घाम, डोळ्यांतलं पाणी, डोळ्यांतली बाहुली, सगळ्यांना एकाच जातीची कुलपं आहेत. पिलोकार्पीन ही उघडणारी किल्ली. त्यानं लाळ सुटते, घाम फुटतो, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. अॅट्रोपीनची किल्ली कुलपात शिरते, पण फिरत नाही; मग तोंड सुकतं, बाहुली फुगते. "नुसती अडकून बसते, अन् खरी किल्ली भायेर हुबी," काका म्हणत. "आपले डॉक्टरसाब हायेत ना, तसं. खुर्ची अडली, काम बंद." डॉक्टरसाहेब तुर्रेबाज टोपी घालून बहुधा दौऱ्यावरच असत.

एका सकाळी डॉक्टरसाहेबांनी एका म्हातारीला काचबिंदू असल्याचं सांगितलं, पिलोकार्पीनचे थेंब लिहून दिले आणि जिल्ह्याच्या तालुकेदारसाहेबांच्या स्वागताची कमान बघायला निघून गेले. हैदराबादहून औषधांची पेटी नुकतीच आली होती. वाटेत एरंडेलाची बाटली फुटली होती आणि सगळी लेबलं तेलात पोहत होती. हाती आल्या दोन सारख्या बाटल्या. एक पिलोकार्पीनची, एक अॅट्रोपीनची. दोन्ही पाण्यासारख्या, दोन्ही कडू. चुकून अॅट्रोपीन पडलं तर डोळ्यातला दाब आणखी वाढून म्हातारीचा डोळा कायमचा जाणार होता. काकांनी एका बाटलीतला थेंब आपल्या डाव्या डोळ्यात टाकला, दुसरीतला उजव्यात, आणि बाकावर बसून राहिले.

म्हातारीचा मुलगा उखडला. "कंपोंडरसाब, मायचा डोळा फुटून ऱ्हायलाय, अन् तुमी सोताच्याच डोळ्यात दवा टाकून ऱ्हायले?"

"असू दे रे," म्हातारी कण्हत म्हणाली. "त्याचाबी दुखत असंल."

अर्ध्या तासानं काकांनी मला दारातल्या उजेडात बोलावलं. "मास्तर, नीट बघ. मोठी कोणती?" डावी बाहुली काळ्या मण्याएवढी फुगली होती, उजवी मोहरीएवढी उरली होती. "डावी," मी म्हणालो. त्यांनी उजव्या डोळ्यात टाकलेली बाटली उचलली. म्हातारीचा डोळा वाचला.

अॅट्रोपीनचा अंमल मात्र आठवडाभर राहतो. दुसऱ्या दिवशी तालुकेदारसाहेब तपासणीला आले, तेव्हा उन्हाच्या तिरिपेनं काकांचा डावा डोळा आपोआप मिटला, नेमका सलाम करताना. साहेबांचा समज झाला, की कंपाउंडरनं आपल्याला डोळा मारला. खुलासा मागितला गेला. काकांनी एकच ओळ लिहिली : हुजूर, तो डोळा सरकारी कामावर होता. त्यांची बदली हदगावला झाली.

पुढे राज्य गेलं, तालुकेदार गेले. काका लातूरला मुलीकडे राहू लागले. तोवर त्यांच्या डाव्या डोळ्याला काचबिंदूनं गाठलं होतं. नोकरीभर अॅट्रोपीनची प्रत्येक नवी बाटली त्यांनी त्याच डोळ्यात तपासली होती, कारण उजवा वाचायला लागे. त्या थेंबांचा यात किती वाटा होता, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. शेवटच्या भेटीत त्यांनी माझा हात धरून मला खिडकीपाशी नेलं आणि तोंड उजेडाकडे केलं.

"मास्तर, बघ बरं. मोठी कोणती?"

डावी बाहुली सताड उघडी होती आणि उजेडाला हलत नव्हती.

"दोन्ही सारख्याच आहेत, काका."

ते हसले. "हात लेका! अन् तुझ्या भरवशावर मी त्या म्हातारीच्या डोळ्यात दवा टाकली व्हय?"