पाय बघणारा रसवाला

पिंपळे गुरवच्या चौकात एक रसवाला आहे. ऊस चरकात घालण्याआधी तो गिऱ्हाईकाच्या पायांकडे बघतो. ही खोड मला आधी आवडली नव्हती.

तेव्हा मधुमेहामुळे माझ्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. घरी सगळ्यांसमोर मी बिनसाखरेचा चहा प्यायचे. एकदा पट्टी बदलून येताना याच्याकडे मोठा ग्लास मागितला. त्याने खाली बघितलं आणि ऊस बाजूला ठेवला.

"मावशी, तुम्हाला रस मिळणार नाही."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. हा गाडा माझ्या अब्बांचा. ते दिवसभर रस काढायचे आणि तोच प्यायचे. पायाला अशीच पट्टी होती. शेवटी पाय कापला."

"मग हा धंदा कशाला करतोस?"

"पोट आहे ना. पण पट्टी दिसली की मी देत नाही."

मागे चार जण खोळंबले होते. त्यांना थांबवून त्याने माझ्यासाठी लिंबू पिळलं, पाणी आणि मीठ घातलं. मी तणतणत प्यायले. घरच्यांच्या गोड बोलण्याने जे झालं नव्हतं, ते त्याच्या एका नकाराने झालं. त्यानंतर मी चोरून गोड प्यायले नाही.

जखम भरली. परवा गेले, तर त्याने सवयीने खाली बघितलं. दोन्ही अंगठे जागेवर होते. काही न विचारता त्याने लिंबू उचललं.