थाब्लेने निवडलेली पाच घड्याळं

थाब्लेला पाणबुड्यांचे डाइव्ह कॉम्प्युटर विकण्याची वेळ ज्या दुकानदारांवर आली, त्यांची मला दया येते. त्या नोव्हेंबरात तो रोज दुपारी चर्चमागची टेकडी चढायचा, कारण फोनला रेंज तिथेच. डावा पाय ओढत चालणाऱ्या माणसाला ती टेकडी सोपी नाही. वर पोचला की दम खायचा, वहीचं पान उघडायचा आणि आळीपाळीने बंगळूर, मुंबई, चेन्नईला फोन लावायचा. प्रश्न सगळ्यांना एकच.

"जानेवारीत मायाबंदरला बॅटरी संपली, तर मी काय करायचं?"

बंगळूरचा म्हणाला, "सर, बॅटरी दोन वर्षं जाते."

"दोन वर्षांनीही जानेवारी येतोच."

"मग आमच्याकडे पाठवा. आम्ही पुढे कंपनीकडे पाठवू. दोन-अडीच महिने धरा."

"अडीच महिन्यांत आमचा सीझन संपला. तोवर माणसाने हातात काय बांधून पाण्यात जायचं, तुमचं बिल?"

मुंबईवाल्याने फोन उचललाच नाही. चौथ्या दिवशी त्याच्याकडून गुलाबाच्या फुलांचं 'शुभ सकाळ' आलं. चेन्नईला पूंगोडी नावाची बाई होती. तिचं हिंदी थाब्लेच्या हिंदीपेक्षा वाईट, म्हणून दोघांचं जमलं. "नाणं आहे ना घरात?" तिने विचारलं. "मागचं झाकण नाण्याने फिरवा. बॅटरी बदला. रबराची कडी बदला, तिला ग्रीस लावा. कड्या मी चार जास्तीच्या देते. पण कडीखाली केस अडकला तर पाणी शिरेल, मग मला शिव्या द्यायच्या नाहीत."

"ही बाई बरी आहे, थरामू," संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन तो म्हणाला. "वाईट काय होईल ते न विचारता सांगितलं."

थरामू म्हणजे शिक्षिका. अंदमानातल्या आमच्या या वेबी गावात मला सगळे तेच म्हणतात. मी इथल्या, ब्रह्मदेशातून येऊन वसलेल्या कारेन लोकांच्या पोरांना तीस वर्षं विज्ञान शिकवलं. थाब्ले नववीत माझ्याकडे दोनदा नापास झाला होता. मीच केला होता आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही, तेव्हा त्याला काहीही येत नव्हतं. आता तो सत्तेचाळीसचा, आणि मला रोज संध्याकाळी एकशे बारा पानांचं इंग्रजी माहितीपुस्तक वाचून अर्थ सांगायला लावत होता. कंटाळा करून मी एखादं वाक्य गाळलं, तर त्याला कळायचं. "मधलं राहिलं, थरामू." नववीत हे लक्ष कुठे होतं, देव जाणे.

आम्ही त्या यंत्राला घड्याळच म्हणतो. मनगटावर बांधायचं. तुम्ही किती खोल आहात, किती वेळ झाला आणि या खोलीवर अजून किती मिनिटं राहून सुखरूप वर येता येईल, हे ते सांगतं. पाण्याखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात मुरतो. फार मुरला आणि माणूस वर आला, की सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं अंगात होतं. मग पाय जातात, कधी जीव जातो. घड्याळ हा मुरण्याचा हिशेब ठेवतं आणि वर आल्यावरही विसरत नाही. सकाळचं मुरलेलं धरून दुपारची मिनिटं कापतं.

या 'विसरत नाही'मुळेच थाब्लेचा पाय गेला होता.

सात वर्षांपूर्वी तो हॅवलॉकला एका डाइव्ह दुकानात गाइड होता. पर्यटकांना खाली न्यायचं, वर आणायचं. दुकान गाइडना घड्याळं देत नसे. पर्यटकाचं बघायचं आणि चालवून घ्यायचं. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त नेहेम्याही तिथेच होता आणि त्याला एका परदेशी पाहुण्याने स्वतःचं घड्याळ बक्षीस दिलेलं. एक दिवस नेहेम्या तापाने पडला. थाब्ले सकाळी दोनदा खोल जाऊन आला होता, दुपारी तिसऱ्यांदा जायचं होतं. नेहेम्याने झोपल्याजागी घड्याळ काढून त्याच्या हातात बांधलं. "माझं घेऊन जा, काळजी राहणार नाही."

घड्याळ सकाळभर खाटेवर होतं. त्याला वाटलं, हा माणूसही सकाळभर खाटेवर होता. त्याने भरपूर मिनिटं दिली. थाब्लेने विश्वासाने सगळी वापरली. संध्याकाळी डावा पाय बधिर झाला आणि पोर्ट ब्लेअरला, हवेचा दाब वाढवून मुरलेला नायट्रोजन हळूहळू काढतात त्या खोलीत ठेवेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. जीव वाचला, डायव्हिंग कायमचं बंद.

काय झालं असावं ते मीच त्याला नंतर फळ्यावर काढून दाखवलं. त्याने फळा पुसला आणि मला म्हणाला, "हे इथेच राहू द्या." गावात त्याने सांगितलं, की मी घाईत वर आलो. वेबीत हे सांगणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. इथले आजे-पणजे एका श्वासावर शिंपले काढायचे. घाईत वर येतो तो घाबरट, त्याच्यामागे पोरं पाठवत नाहीत. थाब्लेने सात वर्षं ते ऐकून घेतलं, नेहेम्याला कधी कळू नये म्हणून. मी त्याला मूर्ख म्हटलं होतं. आता म्हणणार नाही.

हे फोन चालले होते त्या वर्षी गावाची स्वतःची डाइव्ह बोट सुरू होणार होती. सुकाणू नेहेम्याकडे, हवेच्या टाक्या भरणं आणि नियम थाब्लेकडे, पाण्यात पाच जण. त्यांत थाब्लेच्या थोरल्या भावाची मुलगी लेरपॉ होती, या गावची पाण्याखाली जाणारी पहिली मुलगी. एका सागरी संस्थेने घड्याळांसाठी सव्वा लाख दिले होते. तेवढ्यात रंगीत पडद्याची, बंगळूरची दोन घड्याळं येत होती. किंवा पूंगोडीची साधी पाच. गावाला दोन हवी होती. दोन आली तर ती हातोहात फिरणार आणि या पाचांतलं कोणीतरी थाब्लेसारखं चालणार, एवढं त्याला स्वच्छ दिसत होतं.

आधी त्याने नीट पारख केली. हॅवलॉकच्या ओळखीच्यांकडून तीन जातींची घड्याळं दोन दिवसांसाठी मागून आणली आणि तिन्ही लेरपॉच्या हातात बांधून तिला 'लांब खडक' म्हणतात त्या जागी पाण्यात उतरवलं.

"पाती, मी नाताळच्या झाडासारखी दिसत होते," काकाला ती वर आल्याआल्या म्हणाली. पाती म्हणजे काका.

"मासे हसले असतील. वाचता काय आलं ते सांग."

"रंगीत छान आहे. पण त्याच्यावर इतकं काही आहे, की मला हवा तो आकडा शोधेपर्यंत पाहुणा पुढे गेला असता. या साध्याचे आकडे मोठे आहेत. मास्कमध्ये थोडं पाणी होतं तरी दिसले."

"मिनिटं किती दिली?"

"एकाने अकरा, एकाने चौदा, आणि साध्याने सात."

मी विचारलं, "मग खरं कोणाचं?"

"कोणाचंच नाही, थरामू. हिचं रक्त कोणाला दिसतंय? तिघेही अंदाजच सांगतात. जो कमी देतो तो मला बरा. आणि पाचांच्या हातात एकच जात पाहिजे. एकाचं म्हणतं चल वर, दुसऱ्याचं म्हणतं थांब. पाण्याखाली भांडायची सोय नाही."

इंटरनेटवर नऊ हजारांचंही एक सापडलं होतं, बिननावाचं. अख्ख्या पानावर फोन नंबर कुठे दिसेना, तेव्हा थाब्लेने ते तिथेच सोडलं.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पडवीत बैठक झाली. भात, न्गापीची म्हणजे आंबवलेल्या मासळीची चटणी आणि बांबूच्या कोंबांचं कालवण जेवून सगळे सुस्तावले होते. अशा वेळी गाव फारसा विचार न करता ठरवून टाकतं.

अमोस पहिला बोलला. तेवीस वर्षांचा, पोहण्यात मासा, बोलण्यात पोपट. "दोनच घेऊ, पण भारी घेऊ. टाकीतली हवा त्यातच दिसते. होकायंत्र आहे. फोनला जोडता येतं."

"फोनला जोडून कोणाला दाखवणार?" थाब्ले म्हणाला. "दर वेळी टेकडी चढशील?"

"दोघं वर आले की दुसऱ्या दोघांच्या हातात बांधायची. त्यात काय आहे?"

फू लॉ म्हणून आमचे ऐंशीचे आजोबा आहेत. ते म्हणाले, "टाक्या आल्या तेव्हा आमच्याकडे कुठलं घड्याळ होतं? वर येताना अंगात मुरलेलं उतरायला पाच मीटरवर थांबायचं आणि चार कडव्यांचं गीत मनात म्हणायचं. तीन मिनिटं होतात."

"आजोबा, तुम्ही दर रविवारी तिसरं कडवं गाळता."

बायका हसल्या. आजोबाही हसले, कारण खरं होतं.

मग नेहेम्या उठला. तो सावकाश बोलतो आणि लोक ऐकतात. "होडी आपण एक घेतली. कॉम्प्रेसर एक घेतला. डुक्कर कापलं तर घरोघरी वाटा जातो. आणि आता प्रत्येकाला स्वतःचं घड्याळ पाहिजे. शहरातल्यांसारखे कधीपासून झालो आपण?"

पडवीतल्या माना होकाराने डोलल्या. थाब्ले म्हणाला, "होडी वाटता येते, नेहेम्या. हे नाही येत."

"का नाही येत?"

अमोस पुटपुटला, पण ऐकू जाईल एवढं. "पाती एकदा घाईत वर आले, म्हणून आता सगळ्यांनी घाबरायचं."

थाब्लेच्या बायकोने ताट खाली ठेवलं. मी तोंड उघडणार होते. थाब्लेने माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली, तसं मी गप्प बसले. हे माझ्याकडून क्वचित होतं.

"मी घाईत वर आलो नव्हतो," तो म्हणाला.

आवाज चढवला नाही. आधीच्या दोन खेपा सांगितल्या, तिसरी सांगितली. दिलेली मिनिटं सांगितली, वर येताना थांबलेली मिनिटं सांगितली. "सगळं घड्याळाप्रमाणे केलं. फक्त घड्याळ माझं नव्हतं. ते सकाळभर किनाऱ्यावर होतं. त्याने त्याच्या मालकाचा हिशेब मला सांगितला."

अमोसने विचारलं, "कोणी दिलं होतं?"

"चांगल्या माणसाने. मायेने दिलं. चोराने दिलं असतं तर मी घातलंच नसतं. तुम्हीही एकमेकांना मायेनेच द्याल, म्हणून तर पाच पाहिजेत."

पुढे त्याने काही सांगितलं नसतं. पण नेहेम्या अजून उभाच होता.

"माझं होतं ते," तो लोकांना म्हणाला. मग थाब्लेकडे वळला. "सात वर्षं बोलला नाहीस."

"बोलून पाय बरा झाला असता?"

"सात वर्षं मी लोकांना सांगतोय, थाब्ले घाईत वर आला. माझ्या पोरांनासुद्धा."

"मीच तुला तसं सांगितलं होतं. तुझा काय दोष?"

नेहेम्या त्याच्याशेजारी जाऊन खाली बसला. अमोस पायांकडे बघत होता. शेवटी फू लॉ आजोबा म्हणाले, "पाच मागवा. आणि हा मुलगा घाबरट आहे असं मी ज्यांच्या-ज्यांच्यापाशी बोललो, त्यांच्या घरी मला उद्या कोणीतरी हात धरून न्या." सत्तेचाळीस वर्षांच्या थाब्लेला ते मुलगाच म्हणतात. आणि दुसऱ्या दिवशी ते खरोखर गेले, सात घरं. मी सोबत होते.

घड्याळं डिसेंबरात आली. पूंगोडीने कड्या चारऐवजी सहा पाठवल्या होत्या. थाब्लेने तापवलेल्या खिळ्याने प्रत्येक पट्ट्यावर नाव कोरलं आणि पाचांनाही झाकण दहा-दहा वेळा उघडायला-लावायला लावलं. अमोसने कुरकूर न करता बारा वेळा केलं.

जानेवारीच्या मध्यावर, बोट लांब खडकावर आणि दोन जर्मन पाहुणे तयार होऊन कडेला बसलेले असताना अमोसच्या लक्षात आलं, की आपलं घड्याळ घरी खिळ्यावर टांगलेलं राहिलं. लेरपॉ नुकतीच वर आली होती. आमच्या लोकांचा हात अशा वेळी विचारत नाही. तिने पट्टा सोडून घड्याळ त्याच्यापुढे धरलंसुद्धा.

"ठेव ते," सुकाणूवरून नेहेम्या म्हणाला.

"एकच खेप आहे, काका. पाहुणे बसलेत," अमोस म्हणाला.

"बसू देत. त्यात तिचा हिशेब आहे, तुझा नाही. आज तू चहा कर."

"ते पैसे परत मागतील."

"मागू देत. उद्या फुकट नेऊ. अमोस, स्टोव्ह मागे आहे."

पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली. नेहेम्याने बोट वळवली. थाब्ले टाक्यांपाशी बसून हे सगळं बघत होता. मला हे लेरपॉने सांगितलं. थाब्लेने स्वतःहून काही सांगितलं नसतं, म्हणून संध्याकाळी मी त्याला खोदून विचारलं. ज्या माणसाने घड्याळ दिलं होतं, त्यानेच आज देऊ दिलं नाही. तू काय म्हणालास?

"काही नाही, थरामू. चहात साखर फार झाली होती, तेवढं अमोसला सांगितलं."

असं म्हणाला खरा. पण ओट्यावरून उतरून घरी जाताना मी त्याला बघितलं. पाय ओढत होता, तो ओढणारच. मान मात्र अशी ताठ, की समोरून येणाऱ्या दोघांनी वाट सोडून त्याला पुढे जाऊ दिलं.