अडीचशे ताटांचं लग्न

कचऱ्याची गाडी दारावरून रिकामी गेली की ज्याला लॉटरी लागल्याचा आनंद होतो, असा माणूस अख्ख्या जबलपुरात एकच, आणि बदलीच्या कृपेने तोच माझा घरमालक निघाला. गढा नावाच्या जुन्या वस्तीतल्या त्या घरात वर मी भाडेकरू, खाली काका आणि त्यांची मुलगी निशा. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. संरक्षण कारखान्यातून काका निवृत्त झाले होते, पण तपासनिसाची नजर काही निवृत्त झाली नव्हती. पहिल्याच दिवशी मी आंघोळ करून खाली उतरलो, तर ते जिन्याशी उभे. "भैया, तीन बालट्या? म्हैस धुऊन राहिले होते का?" भाजी धुतलेलं पाणी तुळशीला आणि कपडे खळबळलेलं अंगणाला, हे त्यांच्या घरी ठरलेलंच. परसातल्या मडक्यात सालींचं खत मुरत असे; आमटी झाली का बघावं तसं ते रोज झाकण काढून हुंगत आणि मलाही हुंगायला लावत. जुन्या पँटीची शिवलेली एक पिशवी त्यांनी मला भेट दिली, चेनसकट. ती घेऊन बाजारात गेलो तर भाजीवालीने विचारलं, "साहब, आलू पैंट में डाल दूँ?" खव्याची जिलेबी आणायला ते सायकलवर डबा घेऊन जात. एकदा डबा विसरले, तर पिशवी नको म्हणून पावभर जिलेबी तिथेच उभ्याने संपवली आणि वाढलेल्या साखरेचं खापर प्लॅस्टिकवर फोडलं.

मला या माणसाचं भारी कुतूहल. एकदा न राहवून विचारलंच, "काका, तुमच्या एकट्याच्या पिशवीनं काय फरक पडणार?"

"मले काय माहीत? तेच तं पाहून राहिलो," ते म्हणाले.

मग निशाचं लग्न ठरलं. पत्रिकेच्या मसुद्यात काकांनी खाली हळूच एक ओळ घातली: 'कृपया आपापली ताट-वाटी सोबत आणावी.' निशाने ती वाचली आणि घरात स्फोट झाला.

"बाबा, नागपूरहून येऊन राहिले ते लोक! ताटं घेऊन येतील? माझी काय इज्जत राहील?"

"काहून नाही आणणार? मोबाइल आणतेच ना?"

तीन दिवस पोरगी त्यांच्याशी बोलली नाही. आता ही अशीच रुसून सासरी जाणार की काय, या धास्तीने काकांचं जेवणही सुटलं. चौथ्या दिवशी त्यांनी ती ओळ खोडली आणि सायकल काढली. पण फेकायच्या पत्रावळीही आणल्या नाहीत. दोन आठवडे गढ्यातली घरं पालथी घालून त्यांनी स्टीलची अडीचशे ताटं उसनी जमवली. प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं.

लग्नात पंगत बसली. नवऱ्या मुलाच्या चुलत्यांच्या वाट्याला 'कै. शकुंतलाबाईंच्या स्मरणार्थ' आलं. त्यांनी आधी ताटाला नमस्कार केला आणि मग भाताला हात घातला. त्यांच्या शेजारच्या ताटावर 'हेमंत मॅट्रिक पास'. नागपूरची मंडळी ताटं वाचून एकमेकांना दाखवू लागली, हसू लागली. "तिसऱ्यांदा पास झाला हो तो!" कोणीतरी माहिती पुरवली. निशा आधी ओठ घट्ट मिटून बसली होती. मग तीही हसली आणि कितीतरी दिवसांनी तिने आपणहून हाक मारली, "बाबा, तुम्ही पण बसा ना माझ्याजवळ."

काका बसले आणि स्वतः न जेवता तिच्याच ताटात वाढत राहिले.

पुढचे चार दिवस आम्ही दोघं नावं वाचत ताटं परत करत हिंडलो. शेवटच्या संध्याकाळी व्हरांड्यात एकच ताट उरलं. कडेला कोरलं होतं: 'चि. निशाच्या बारशानिमित्त.'

"काका, हे तर आपल्याच घरचं," मी म्हणालो.

"ठाऊक आहे." ते धोतराच्या सोग्याने ताट पुसत राहिले. "बाकीची सगळी आपापल्या घरी पोचली. हे आता कोणत्या घरचं म्हणू, सांगा."

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसलो.