देव वर, पाणी वर

तीस वर्षं मी सरकारी जीप चालवली. ओरत्तनाडूच्या कचेरीतून निघायचं, साहेबांना कालव्याकालव्यानं फिरवायचं आणि दिवेलागणीला घरी. एवढ्या काळात माझ्या गाडीनं कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही. चारचौघांत हे मी फार मिरवलं. आता गप्प बसतो.

घरात आम्ही दोघंच, मी आणि अक्का, माझी थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. तमिळ शाळेत गणित शिकवलं आणि बायको गेल्यावर माझा संसारही सांभाळला. मला देवनागरी वाचायला तिनंच शिकवलं, कानाला धरून. सोवळं मात्र इतकं कडक, की पूजेच्या पाण्याजवळून मी गेलो तरी ती कळशी रिकामी करून पुन्हा भरायची. तिला काचबिंदू झाला. एक डोळा गेलाच होता. दुसरा फार तर वर्षभर साथ देईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, वाटेत केळी घेतली आणि घरी आल्यावर म्हणाली, "दिसतंय तोवर मला तुळजापूर दाखव."

आमची कुलदेवी तुळजापूरची. आमचे पूर्वज मराठी मुलखातून इकडे तमिळ मुलखात आले, घरचे देव आणले, भाषा आणली; पण परत जाऊन देवीचं तोंड पाहिलंय असं आमच्या घरात कुणीच नाही. हजारावर किलोमीटरची वाट. रेल्वेचं पाणी अक्काला चालत नाही, हॉटेलचा भात तर त्याहून नाही. म्हणून मी जुनी पिकप घेतली आणि मागच्या हौद्यावर एक खोली चढवायचं ठरवलं. निजायला फळी, स्वयंपाकाला शेगडी, देवांना जागा. कायद्यात हे बसतं की नाही, ते मी मुद्दामच कुणाला विचारलं नाही.

ओरत्तनाडूचा एक वेल्डर माझ्या ओळखीचा. त्यानं लोखंडी सांगाडा केला, वर पत्रा मारला. ड्रायव्हरच्या टपावर येणारा माळा त्यानं निजण्यासाठी काढला होता, आणि पाण्याची टाकी खाली, मागच्या चाकांच्या जरा पुढे, जमिनीलगत. जड ते खाली आणि मधोमध, हलकं ते वर. हे मला त्यानं सांगायला नको होतं. मी तीस वर्षं तेच इतरांना सांगत आलो होतो.

अक्का बघायला आली. चांगल्या डोळ्याजवळ हात धरून तिनं सगळं न्याहाळलं. "म्हणजे देव खाली आणि आपण त्यांच्या डोक्यावर पाय पसरून निजायचं?" ती म्हणाली. "आणि पूजेचं पाणी पायाखाली?"

झालं. देव माळ्यावर गेले. आमचे देव म्हणजे काही चार टाक नव्हेत. शिसवी देव्हारा, पितळी मूर्ती, समया, घंटा, दोघांनी उचलावा असा ऐवज. त्याच्या शेजारी तांब्याची टाकी, कावेरीच्या पाण्यानं भरलेली. वेल्डर मला बाजूला घेऊन म्हणाला, "सार, हे वजन वर नको. वळणावर गाडी तुमचं ऐकणार नाही." मी म्हटलं, "मला शिकवू नकोस." नाकापेक्षा मोती जड झाला होता, हे मला त्याच्याइतकंच दिसत होतं. पण अक्काला नाही म्हणायची मला सवयच नव्हती. आणि खरं सांगायचं तर वाटलं, चालवणारा मी आहे, काय व्हायचंय? मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पट्टी वाढवली, टायरांत हवा जास्त भरली. उभी गाडी सरळ दिसली. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

लांब जाण्याआधी एकदा तिरुवैयारुपर्यंत जाऊन यावं असं ठरलं. अर्ध्या तासाचा रस्ता. सकाळी अक्कानं टाकीतल्या पाण्यानं अंघोळ आणि पूजा उरकली, म्हणजे टाकी निम्मी झाली. अर्धी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. वळणावर पाणी एका अंगाला धावतं, आणि गाडी सरळ करावी तर तेही मागाहून उलट धावतं. हेही मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं काहीच नव्हतं, तेच तर दुखतं.

देवांना एकटं सोडणार नाही म्हणून अक्का मागे खोलीत बसली. दोनदा ठोठावलं की गाडी थांबवायची, अशी आमची खूण ठरली होती.

पहिल्याच पुलाच्या उतारावर स्टिअरिंग जड झालं. टपावरचं सगळं वजन पुढच्या चाकांवर आलं होतं. ब्रेक दाबला तर गाडी आधी वाकायची आणि मग थांबायचा विचार करायची. समोरून लॉरी गेली की तिच्या वाऱ्यानं आम्ही हातभर सरकायचो. वेण्णार नदीचा पूल ओलांडून एक डावं वळण घेतलं आणि गाडी उजवीकडे इतकी कलली की मी नकळत डाव्या अंगाला रेललो. तेव्हा मागून ठोठावल्याचा आवाज आला. दोनदा.

मी वेग जरा कमी केला. थांबलो नाही. थांबलो असतो तर टाकी उतरवावी लागली असती, देव खाली घ्यावे लागले असते, रस्त्याच्या कडेला वाद झाला असता, आणि मी चुकलो हे कबूल करावं लागलं असतं. मनात म्हटलं, पाच मिनिटांवर तर आलंय गाव. जायचंच आहे तर पोचूनच बोलू.

मागून बस आली. हॉर्नवर हॉर्न. मी तिला वाट द्यायला डावीकडे झालो, आणि डावं चाक डांबराची कड सोडून मातीत उतरलं. मी जीपच्या सवयीनं स्टिअरिंग झटक्यात उजवीकडे ओढलं. जीप वर आली असती. ही आली नाही. वरचं सगळं ओझं, देव, पाणी, पितळ, एकदम डावीकडे गेलं आणि गाडी शेताच्या बाजूला आडवी झाली. बस निघून गेली, तिला बहुतेक कळलंही नसेल.

मला काही झालं नाही. टाकी सुटून अक्काच्या पाठीवर आणि उजव्या खांद्यावर पडली होती. शेतातल्या बायकांनी मिळून तिला बाहेर काढलं. ती ओरडत नव्हती, नुसती माझं नाव घेत होती, मी जिवंत आहे की नाही ते विचारत.

त्यानंतर ती उठून बसली नाही. कंबरेखाली काही कळत नाही, उजवा हात वर जात नाही. पलंगावर पडल्यापडल्या आठ महिन्यांत दुसरा डोळाही गेला. तुळजापूर राहिलं ते राहिलंच. दिसत होतं तेव्हा मी तिला देवीचा फोटो आणून दाखवला, मोबाइलवरही दाखवला. "फोटो तर लहानपणापासून बघतेय," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

एक बाई येऊन तिला अंघोळ घालते. जेवण मी भरवतो. ज्या हाताची तिच्या पाण्याला अडचण होती, त्याच हातानं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगते, "माझा हट्ट नडला हो. त्यानं किती समजावलं होतं." मी काहीही समजावलं नव्हतं. खोलीच्या दाराशी उभा राहून मी हे ऐकतो, आणि लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा दहीभात भरवताना माझ्यानं राहवेना. म्हटलं, "अक्का, तू दोनदा ठोठावलंस. मी ऐकलं होतं."

तिनं तोंडातला घास गिळला. "ऐकलंस ते मला माहीत आहे. तेवढ्यापुरता वेग कमी केला होतास."

"मग सगळ्यांना स्वतःचा हट्ट का सांगतेस?"

"मला दिवसातून दोन वेळा तुझ्या हातून जेवायचंय," ती म्हणाली. "ते बोलून बसले, तर हा घास माझ्या घशाखाली उतरेल का?"

मी पुढचा घास उचलला. तिनं, लहान मुलासारखं, तोंड उघडलं.