रुखवतातलं रिकामं ताट

माझ्या हातच्यासारखी बदामाची जाळी कोल्हापुरात दुसऱ्या कुणाच्या घरी होत असेल, तर मला आणून दाखवा. हे मी फुशारकीनं म्हणत नाही. बरं, थोडं फुशारकीनंच म्हणते. ही पातळ, कुरकुरीत बिस्किटं. उजेडाला धरली तर पलीकडचं दिसतं, आणि दोन बिस्किटांच्या मध्ये चॉकलेटचा थर. लेक त्यांना लेस कुकीज म्हणते, घरात बाकी सगळे जाळीच म्हणतात.

पहिल्या खेपेला मात्र माझी चांगलीच जिरली होती. कृतीत लिहिलं होतं, एका बिस्किटाला अर्धा चमचा मिश्रण. अर्धा चमचा? आमच्याकडे पावण्याला एवढंसं काही वाढलं तर तो ताटावरून उठून जाईल. मी आपलं डावभर घातलं. त्यात साखरेऐवजी गूळ, कारण माहेरी गुऱ्हाळ, आणि घरचा गूळ असताना साखर वापरायची म्हणजे माहेरचं नाव घालवायचं. ओव्हनमध्ये सगळं पसरत गेलं आणि ट्रेभर एकच तपकिरी चादर झाली. गुळामुळे तीही अर्ध्या तासात मऊ पडली. माझी थोरली नणंद घरी आली होती. तिनं तुकडा उचलला, तो तिच्या बोटांवरून लोंबायला लागला.

"वैनी, ही जाळी न्हाय, पोतेरं हाय की!"

त्या एका शब्दापायी मी पुढं किती वेळा जाळी केली, त्याला हिशेब नाही. गूळ बंद केला. लोणी, साखर आणि घोटभर दूध एक उकळी येईपर्यंत तापवायचं, मग जाडसर कुटलेले बदाम आणि चिमूटभर मैदा. सुपारीएवढी गोळी, दोन गोळ्यांत चार बोटं अंतर. कडा तांबूस झाल्या की ट्रे बाहेर. मग थांबायचं. लगेच उचलली तर जाळी चुरगळते, गार झाली तर तुटते. मधल्या त्या मिनिटभरात दार वाजो नाहीतर फोन, मी जागची हलत नाही.

लेकीचं लग्न राधानगरीकडच्या एका दूधदुभत्याच्या घरात ठरलं, तेव्हा ती म्हणाली, "आई, माझ्या रुखवतात तुझी जाळीच पायजे." रुखवत म्हणजे नवरीकडच्यांनी हौसेनं केलेलं सगळं कार्यालयात मांडून ठेवायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघायचं, हात कुणी लावायचा नाही. लग्न लागलं की ते बांधून सासरी जातं.

मी पटकन हो म्हणाले नाही. माझ्या रुखवतात आईनं बुंदीचे लाडू केले होते. ते सासरी आले, कपाटात गेले आणि भावकीत वाटून संपले. नव्या सुनेला कुणी विचारलं नाही आणि मागायचं धाडस मला झालं नाही. पोटात भूक घेऊन मी त्या कपाटाकडे बघायची. आठ दिवसांनी माहेरी गेले तर आईनं पहिलं विचारलं, "लाडू कसं झालतं गं?" मी म्हणाले, "लई छान." ते खोटं मला अजून बोचतं. जाळी बिघडेल याची मला भीती नव्हतीच. त्या घरात माझ्या लेकीला भूक लागली तर कुणी विचारेल का, एवढीच भीती होती.

लग्न मे महिन्यातलं. आदल्या दिवशी वळीव पडून गेलेला, हवा दमट. जाळी सकाळपासून उघड्यावर मांडली असती तर चॉकलेट वितळून पुन्हा पोतेरंच झालं असतं. म्हणून मी रुखवतात एक घासलेलं चांदीचं ताट रिकामंच ठेवलं, आणि जाळीचा घट्ट झाकणाचा डबा बर्फाच्या खोक्यात घालून टेबलाखाली सरकवला.

नणंदेनं ताट बघितलं मात्र. "अवो वैनी, रुखवतात रिकामं ताट? लोकं काय म्हणतील?"

"वन्सं, लोकांस्नी डोळं हायत तसं तोंड बी हाय. मी तोंडासाठी केलंय."

अक्षतांच्या आधी विहीणबाई चार बायका घेऊन रुखवत बघायला आल्या. चिरोटे बघितले, विणलेली तोरणं बघितली आणि रिकाम्या ताटापाशी थांबल्या.

"आणि ह्यात काय हाय?"

मी डबा उघडला, एक जाळी त्यांच्या तळहातावर ठेवली. "आत्ता खावा."

"रुखवत हितंच खायचं?"

"ही थांबत न्हाय, विहीणबाई."

त्यांनी चावा घेतला. कट्टकन आवाज झाला, आणि तो नणंदेला ऐकू गेला की नाही हे मी आधी बघून घेतलं. विहीणबाई मात्र नुसत्या चावत राहिल्या. तेव्हा मी मनातून हलले, खोटं कशाला सांगू!

मग त्यांनी विचारलं, "पोरीनं सकाळधरनं काय खाल्लंय का?"

"न्हाय. अक्षता पडोस्तर उपास हाय तिचा."

मला न विचारता त्यांनी डब्यातून आणखी एक जाळी उचलली आणि सरळ नवरीच्या खोलीकडे चालू लागल्या. मी मागोमाग पळाले. मुंडावळ्या बांधून बसलेल्या माझ्या लेकीपुढे त्या वाकल्या, जाळी मोडली आणि अर्धी तिच्या तोंडात घातली. "खा. उपास-बिपास ऱ्हाऊ दे," म्हणाल्या आणि तिच्या ओठाला लागलेलं चॉकलेट स्वतःच्या पदरानं पुसलं.

मला दारातच रडू फुटलं.

"कशी झालीय गं?" मी विचारलं.

"लई छान," लेक म्हणाली. शब्द तेच होते. पण हिनं ते खाऊन सांगितले.