जास्त आकड्याला जास्त गुण

आमच्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला लागून, कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा होती. तिथे एकतीस वर्षं राबलेल्या माणसाला रुग्ण ‘पायवाले’ म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. बाविसाव्या वर्षी ते पट्टे शिवायला लागले, मग प्लास्टरचे साचे शिकले, आणि पन्नाशीला टेकल्यावर मुलीकडून कॉम्प्युटर शिकले. मुलगी चिडवायची, की बाबा माउस असा धरतात, जणू सोडला तर बिळात पळेल. पण वर्षभरात उरलेल्या मांडीचं स्कॅन घेऊन त्यावर बसणारी कृत्रिम पायाची खोबणी ते पडद्यावर अशी उतरवू लागले, की रुग्णाला पूर्वीसारख्या चार-चार खेपा पडेनात.

मी खरेदी विभागात आहे. आलेल्या दरपत्रकांचे तुलनात्मक तक्ते करणं हे माझं काम. पुढल्या वर्षी निवृत्त होईन. आजवर केलेल्या हजारभर तक्त्यांपैकी एकाची मला शिसारी आहे, तो हा.

टपाल वाटणाऱ्या एका बाईंचा पाय अपघातानंतर खुब्यापासून काढावा लागला होता. अशा पायाची खोबणी कमरेला धरून बसते. ती बनवायला शरीराचं बाहेरून घेतलेलं स्कॅन आणि आतल्या हाडांचं सीटी स्कॅन पडद्यावर एकमेकांवर तंतोतंत बसवावं लागतं. कार्यशाळेतला कॉम्प्युटर तेवढ्यानेच गुदमरायचा. व्यवस्थापनाने लेखी कळवलं की ही खोबणी तीन महिन्यांत इथे तयार झाली तर कार्यशाळा राहील. नाहीतर सगळं काम बाहेरच्या कंपनीकडे, आणि पायवाल्यांची बदली भांडारात.

पायवाल्यांनी ग्राफिक्स कार्ड मागितलं. चित्रांचं सगळं गणित करणारा कॉम्प्युटरचा हा भाग. दोन कार्डांची पत्रकं आली. किंमत जवळपास सारखी, त्यामुळे निवड वैशिष्ट्यांवर होणार होती. पहिल्याचा कमाल वेग एकोणतीस टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला एकोणतीस लाख कोटी गणितं, दुसऱ्याचा बावीस. पहिल्याची मेमरी आठ जीबी, दुसऱ्याची सोळा. पहिलं दोनशे नव्वद वॉट वीज खाणार, दुसरं एकशे पासष्ट. पहिलं तीनशे तेवीस मिलिमीटर लांब, दुसरं दोनशे पंचेचाळीस.

वेगाचा तो आकडा कसा काढतात, हे मला पायवाल्यांनी समजावलं. कार्डातल्या गणित करणाऱ्या घटकांची संख्या गुणिले कार्डातल्या घड्याळाचे सेकंदाला पडणारे ठोके गुणिले दोन, कारण दर ठोक्याला दोन क्रिया. म्हणजे सगळे घटक एकाच वेळी, क्षणभरही कशाची वाट न बघता राबतील असं धरून केलेला गुणाकार. प्रत्यक्षात घटकांना माहिती पुरवावी लागते, आणि ती मेमरीत मावली नाही की ते हातावर हात ठेवून बसतात. बाईंच्या फाइलला अकरा जीबी लागत होते.

हे त्यांनी पत्रकं वाचून ठरवलेलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती फाइल घेऊन ते दुकानात गेले आणि दुकानदाराला गळ घालून दोन्ही कार्डं आळीपाळीने लावून बघितली. पहिल्यावर सत्तेचाळीस मिनिटं वाट बघून प्रोग्रॅम आपोआप बंद पडला. दुसऱ्यावर एकोणीस मिनिटांत काम झालं. प्रत्येकी तीनदा. रेघी कागदावर वेळा लिहून त्यांनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला.

आता आमच्या तक्त्याचा मंजूर नमुना. तो फार पूर्वी पाण्याच्या टाक्या घेताना केलेला. प्रत्येक वैशिष्ट्याला दहा गुण. मोठ्या आकड्याला दहा, लहानाला त्या प्रमाणात. टाकीला ते ठीक होतं. इथे जास्त वीज खाल्ल्याबद्दल पहिल्या कार्डाला दहा गुण मिळाले. लांब असल्याबद्दल आणखी दहा. बेरीज पस्तीस विरुद्ध तीस पूर्णांक नऊ. वीज आणि लांबीचे गुण उलटे धरावेत आणि दुकानातली चाचणी विचारात घ्यावी, असं टिपण मी तक्त्याला जोडलं.

खरेदी समितीच्या अध्यक्ष डॉक्टरांनी टिपण बाजूला सारलं. म्हणाले, “भाऊसाहेब, नमुना मंजूर आहे. मध्येच उलटा केला तर उद्या हरलेला विक्रेता आपल्याला कोर्टात खेचेल.”

पायवाल्यांना दोन मिनिटांसाठी आत बोलावलं. खुर्ची कोणी पुढे केली नाही. समितीतल्या विद्युत अभियंत्यांनी चहात बिस्कीट बुडवत विचारलं की कंपनी एकोणतीस लिहिते, तर बावीसवालं चांगलं म्हणणारे तुम्ही कोण.

“कंपनीने खोटं नाही लिहिलं, साहेब,” पायवाले म्हणाले. “पण तो आकडा कार्डाचा आहे. आमच्या बाईंच्या कमरेचा नाही.”

“आणि लांबीला दहा गुण कशाचे?” मी मध्येच विचारलं.

“लांब म्हणजे आत माल जास्त,” अभियंते म्हणाले. बिस्किटाचा तुकडा कपात पडला, तो बोटाने काढून त्यांनी तोंडात टाकला. अध्यक्ष हसले. तक्त्यावर तिघांच्या सह्या झाल्या. तिसरी माझी.

कार्ड आलं आणि कॉम्प्युटरच्या डब्यात मावेना. चार सेंटिमीटर जास्त. देखभाल विभागाच्या माणसाने डिस्क ठेवायची पट्टी करवतीने कापली. लोखंडाचा चुरा पायवाल्यांनी ब्रशने वेचून काढला. मग कॉम्प्युटरला वीज पुरवणारा जुना भाग पुरेना. नव्यासाठी नवा तक्ता, तोच नमुना, पाच आठवडे. शेवटी सुरू झालं तेव्हा गुडघ्याखालच्या पायाच्या लहान फाइली भर्रकन उघडू लागल्या. अभियंत्यांनी त्या अध्यक्षांना दाखवल्या आणि कार्डाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. ते गेल्यावर पायवाल्यांनी बाईंची फाइल लावली. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला ती बंद पडली. मुदत संपेपर्यंत त्यांनी सात वेळा लावली, तुकडे करून लावली, स्कॅन विरळ करून लावली. विरळ केल्यावर उघडली, पण त्यात खुब्याच्या हाडाची कडच पुसली गेली होती. असली खोबणी मी कोणाच्या अंगाला लावणार नाही, असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

अभियंत्यांच्या अहवालात दोन ओळी होत्या: उपकरण उत्कृष्ट दर्जाचे आहे. चालकाची क्षमता अपुरी पडली. तो कागद माझ्या टेबलावरूनच फाइलीत गेला. त्यावर पान क्रमांक मीच घातला.

बाईंना बाहेरच्या कंपनीची खोबणी मिळाली. आठ दिवसांत कमरेला जखम झाली. कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येतो, म्हणून त्या कुबड्यांवर पायवाल्यांना शोधत भांडारात आल्या. त्यांना चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये बसवून पायवाल्यांनी टोचणारी जागा कानशीने उतरवून दिली. म्हणाले, “टपाल वाटायला लागलात की कळवा. लगेच जिने चढू नका मात्र.” हे बाकीच्या रुग्णांना समजलं आणि दर आठवड्याला चार-पाच जण येऊ लागले. वार्षिक अहवालात छापून आलं की नव्या व्यवस्थेबद्दल कंपनीकडे एकही तक्रार नाही.

मग भांडारात रुग्णांना मनाई करणारं पत्र तयार करायला मला सांगितलं. मी नाही म्हणालो. नोकरीत पहिल्यांदाच म्हणालो, आणि काही उपयोग झाला नाही. शेजारच्या टेबलावर ते दहा मिनिटांत टाइप झालं.

आता लोक पायवाल्यांच्या घरी जातात. घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. कामावरून आले की ते स्टूल आणि कानस घेऊन खाली उतरतात आणि फाटकाशी बसतात.